नाताळाला 'लोकल' डंजनेस: आगाऊ पैसे भरण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजेला नवीन आलात, २४ डिसेंबरला सासरची मंडळी जेवायला आहेत, दुकानात 'ताजे लोकल डंजनेस' (डंजनेस म्हणजे इथली मोठी समुद्री कुर्ली, खेकडा) म्हणून आगाऊ पैसे भरलेत आणि माल कुठून येणार हे विचारलं तर कुणी धड बोलत नाही. आमच्या बाबतीत २०२३च्या नाताळात हेच झालं. कुर्ली साफ कशी करायची ते लिहीत नाही, मालवणच्या आहात म्हणजे येतच असेल.

इथली नाताळची कुर्ली ही साधी गोष्ट नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीचमधल्या इटालियन कोळ्यांनी चोपीनो, म्हणजे मासे-खेकड्यांचा टोमॅटोतला रस्सा, रुजवला, आणि आजही कित्येक घरांत नाताळच्या आदल्या रात्री तो रस्सा नाहीतर नुसती उकडलेली कुर्ली, लोणी आणि आंबूस सावरडो पाव असतो. आमच्या शेजारच्या आजी मेरीलँडच्या निळ्या खेकड्याचं नावही काढू देत नाहीत. आपण देवगड-मालवणवाले बांगड्यावरून भांडतो, त्यामुळे मला हा अभिमान लगेच कळला.

पण हंगामच नाताळापर्यंत सुरू होत नाही, त्याला काय करणार? पूर्वी इथला व्यावसायिक हंगाम नोव्हेंबरच्या मध्याला उघडायचा. २०१५ साली शेवाळातून येणाऱ्या डोमोइक ॲसिडमुळे तो लांबला आणि २०१६च्या मार्चअखेरीस कुठे बोटी निघाल्या. त्याच सुमारास समुद्र तापला, हंपबॅक देवमासे किनाऱ्याजवळ येऊ लागले आणि कुर्ल्या धरायच्या पिंजऱ्यांच्या दोरांत अडकू लागले. कोर्टकचेरी झाली, २०१९मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून देवमासे दक्षिणेकडे निघून गेल्याची खात्री पटेपर्यंत पिंजरे टाकू देत नाहीत. आपल्या या पट्ट्यात २०२४ला १८ जानेवारी उजाडली, २०२५ला ५ जानेवारी, आणि तेही निम्मेच पिंजरे. कोळ्यांचे हाल होतात, हे खरंच. तरी नियम मला योग्य वाटतो. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी वाद नाही.

आता २०२३ला आम्हाला फसवलेल्या दुकानाबद्दल. नाव लिहीत नाही. हंगाम लांबल्याचं सरकारी पत्रक डिसेंबरच्या सुरुवातीलाच आलं होतं, म्हणजे त्यांना माहीत होतं. तरी 'लोकल, जिवंत' ही पाटी काउंटरवर तशीच, आणि आमचे पैसेही घेतलेले. २३ तारखेला हातात खोका दिला, त्यात आधीच उकडून गोठवलेल्या, मग वितळवलेल्या कुर्ल्या. मांस कवचाला चिकटलेलं, चवीला नुसतं खारट. मॅनेजर म्हणाला, "डंजनेस तो डंजनेस." जात एकच, मान्य आहे; अलास्कापासून खाली इथपर्यंत तीच मिळते. वॉशिंग्टनची किंवा ब्रिटिश कोलंबियाची जिवंत कुर्ली उत्तमच असते, आणि तसं सांगून विकली असती तर मी आनंदाने घेतली असती. पण खोटी पाटी लावून शिळा माल? परतावा मागितला तर मुख्य कार्यालयाचा नंबर दिला. तिथे प्रत्येक वेळी नवा माणूस, नव्याने सगळी कहाणी, आणि शेवटी 'सणाच्या ऑर्डरला परतावा नाही'. पैशांपेक्षा जास्त याचं वाईट वाटलं, की वर्षानुवर्षं आम्हाला चोपीनो खाऊ घालणाऱ्या आजींच्या पानात ते वाढावं लागलं.

म्हणून आजच ईमेलवर तीन गोष्टी विचारा: कुठल्या बंदरावरचा माल, जिवंत की उकडलेला, आणि लोकल नसेल तर पैसे परत मिळतील का. तोंडी उत्तर घेऊ नका. टाळाटाळ झाली तर ऑर्डर रद्द करा, कार्डवरून पैसे दिले असतील तर बँकेकडे तक्रार टाका. माझं स्पष्ट मत: नाताळाला उत्तरेकडची जिवंत कुर्ली घ्या आणि पाहुण्यांना तसं सांगा, किंवा सरळ कोलंबी-मासे करा आणि कुर्लीचा बेत जानेवारीत.

एक महत्त्वाचं, कारण आपण रस्सा करतो. डोमोइक ॲसिड शिजवून जात नाही. ते कवटीतल्या पिवळ्या गाभ्यात साठतं आणि उकळताना पाण्यात उतरतं. आरोग्य खात्याचा इशारा असेल त्या भागातल्या कुर्लीची कवटी वाटपात घालू नका, पाय ठेचून रस काढायचा मोहही टाळा. उकडा, पाणी फेका, फक्त मांस घ्या. मी डॉक्टर नाही, खात्याचं पान स्वतः बघा.

स्वतः पकडायचा विचार असेल तर हौशी हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, माणशी दिवसाला १०, रुंदी किमान पावणेसहा इंच. पिंजऱ्यांना बंदी असली तरी हूप नेट (कड्याला लावलेलं जाळं) चालतं. मात्र सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या आत डंजनेस धरणं बेकायदा आहे, तिथे दंड भरलेले लोक मला माहीत आहेत. नियम दरवर्षी बदलतात, जाण्याआधी तपासा.

हंगाम उघडला की हाफ मून बेजवळच्या पिलर पॉइंट बंदरावर जा, बोटीवरूनच विकतात. सकाळी लवकर, रोख पैसे घेऊन. आकाराच्या मानाने जड लागेल ती उचला; पाय दाबून बघा, मऊ लागला तर आत पोकळ. घरी आणताना ओल्या फडक्याखाली थंड ठेवा, नळाच्या पाण्यात बुडवू नका, मरतात.