जुन्या आउटबोर्ड मोटरवर (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनावर) बॅटरी जास्त चार्ज होत असेल तर
रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग, बदलण्याची घाई करू नका. आधी तुमच्या मोटरला तो मुळात आहे का, हे पाहा. अनेक जुन्या मोटरींमध्ये स्टेटरनंतर (वीज तयार करणाऱ्या कॉइलनंतर) फक्त रेक्टिफायर (एसी विजेचे डीसी करणारा भाग) असतो, त्यामुळे वेग वाढला की बॅटरी भरलेली असतानाही व्होल्टेज १५च्या वर जाते. अशा मोटरवर सीलबंद बॅटरी लवकर खराब होते. पाणी घालता येणारी मोठी लेड-ॲसिड बॅटरी हा जास्तीचा करंट बऱ्याच अंशी सोसते, मात्र तिच्यातील पाण्याची पातळी वरचेवर तपासावी लागते.

रेग्युलेटर असल्यास मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावून, मोटर पाण्यात मध्यम वेगाने चालवत मोजमाप घ्या. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट योग्य समजावेत. आकडा याहून बराच जास्त असेल, तर प्रथम गंजलेली अर्थिंगची जोडणी आणि रेग्युलेटरची व्होल्टेज जाणणारी वायर तपासा, कारण तिथला थोडासा रोधही रेग्युलेटरला बॅटरी रिकामी असल्याचे भासवतो. बॅटरीतील एखादा सेल शॉर्ट नाही ना, हेही पाहावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: चालू मोटरवर बॅटरीची वायर कधीही काढू नका. रेक्टिफायरचे डायोड त्याने जळू शकतात, शिवाय जास्त चार्ज झालेल्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन एका ठिणगीने पेट घेऊ शकतो.