प्राचीन ग्रीसमधली चांदीची नाणी इतकी चिमुकली का असत? ती हरवत नसत का?

प्रश्न वाचला आणि कपाटातली डबी काढून समोर ठेवली. तिच्यात किझिकोस नावाच्या ग्रीक नगरराज्याचं एक नाणं आहे, अर्ध्या ओबोलचं (ओबोल म्हणजे ग्रीकांचं चांदीचं छोटं नाणं). किझिकोस म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, मार्मारा समुद्राच्या काठी. नाणं साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचं, वजन जेमतेम ०.४ ग्रॅम, सोनाराच्या हिशेबात तीन-सव्वातीन गुंजा. नुसत्या डोळ्यांना चांदीचा कण वाटतो. भिंगाखाली धरलं की रानडुकराचा पुढचा अर्धा देह दिसतो आणि त्याच्या मागे उभा मासा. तो ट्यूना, आपल्या कुपाच्या कुळातला. त्यांचे थवे मार्मारातून जायचे आणि किझिकोसची त्यावर मोठी कमाई होती, म्हणून नाण्यावर मासा. दुसऱ्या बाजूला चौकोनी खळग्यात जबडा वासलेला सिंह. एवढ्याशा जागेत कोरणाऱ्याने सिंहाचे दात दाखवलेत, हे मला दर वेळी नव्याने थक्क करतं.

आता 'का'. चांदी महाग होती आणि नाण्याची किंमत मुख्यतः त्यातल्या चांदीच्या वजनावर ठरे. अथेन्समध्ये ६ ओबोलचा एक द्राख्मा, म्हणजे सुमारे ४.३ ग्रॅम चांदी. इ.स.पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराला दिवसभराच्या कामाचा एक द्राख्मा मिळे. दिवसाची मजुरी एवढीच असेल, तर मूठभर ऑलिव्ह घ्यायला काय द्यायचं? म्हणून पाव ओबोलपर्यंत नाणी पाडली: ०.१८ ग्रॅम, दीड गुंज! पुढच्या शतकात तांब्या-काशाची नाणी रुळली आणि चांदीची ही बारीक चिल्लर मागे पडत गेली.

जाता जाता: ओबोल शब्दाचं मूळ लोखंडी सळई, आणि द्राख्मा म्हणजे मुठीत मावतील तेवढ्या, सहा सळया. हाच द्राख्मा भारतात 'द्रम्म' झाला. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत तो आढळतो आणि आपल्या 'दाम' या शब्दात अजून आहे.

हरवू नयेत म्हणून लोक ही नाणी चक्क गालात धरत. अॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पूर्व ४२२ मधल्या नाटकात एक म्हातारा न्यायसभेत बसून ३ ओबोल कमावतो, आणि घरी आल्यावर लाडीगोडी लावणारी मुलगी पापा घेता घेता जिभेने ते त्याच्या तोंडातून काढून घेते. त्याच नाटकात मासळीबाजारात कुणीतरी त्याच्या हातावर सुट्या पैशांऐवजी माशाचे तीन खवले ठेवतो. हा ते ओबोल समजून तोंडात टाकतो आणि वास येताच थुंकतो. आकाराची कल्पना यापेक्षा चांगली कशाने येईल?

तरीही हरवतच. जुन्या उत्खननांत माती बारीक चाळणीने चाळत नसत, तेव्हा ही नाणी सहज निसटली. धातुशोधक यंत्रं आल्यावर किती मुबलक होती ते कळलं. मीसुद्धा टेबलावर पांढरं कापड पसरल्याशिवाय ही डबी उघडत नाही.