पात्र होऊनच ये, असं कुणी सांगितलं?

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. गेल्या वेळी मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, सुरू झालं तेव्हा तू जागची हलली नाहीस, भाकर आणि प्याला शेजारून पुढे गेला आणि तू मान खाली घालून बसून राहिलीस, हे इतक्या मोकळेपणी लिहिलंस ते बरं केलंस. त्या आठवड्यात प्रार्थना धड झाली नव्हती, धाकट्या भावाशी कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि अशा मनाने प्रभूच्या मेजाला हात लावायचा कसा, असं तुला वाटलं. त्याच्याच खाली निवडीचा, म्हणजे देवाने तारणासाठी कुणाला निवडलं आहे याचा, प्रश्न काढला आहेस: 'मी निवडलेल्यांपैकी नसले तर?' तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, मला ते एकच वाटतात. देव पाप्याला केवळ कृपेने स्वीकारतो हे उत्तर तुला तोंडपाठ आहे. परीक्षेत विचारलं तर पैकीच्या पैकी गुण मिळवशील. पण दिवा मालवून अंथरुणावर पडलीस की तू स्वतःलाच तपासायला घेतेस, आणि त्या तपासणीत आजवर कुणी पास झालेलं नाही.

म्हणून आधी सुवार्तेकडेच जाऊ. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला, करिंथकरांना, पत्रात तिचा गाभा सांगतो तेव्हा त्यांच्या मनःस्थितीबद्दल एक अक्षर काढत नाही. ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, बारा जणांना दिसला, पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी दिसला. हे सगळं तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी, रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अमदानीत घडून गेलं. तुझा आठवडा चांगला गेला म्हणून त्यात भर पडत नाही, वाईट गेला म्हणून त्यातून काही वजा होत नाही. विश्वास म्हणजे ज्याने हे केलं त्याच्यावर सगळा भार टाकणं.

आणि हे नव्या करारातच सुरू झालं असं समजू नकोस. उत्पत्तीचा पंधरावा अध्याय उघड. अब्राम देवाला विचारतो, हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजू? म्हणजे जवळजवळ तुझाच प्रश्न. देव त्याला कालवड, शेळी, मेंढा, होला आणि पारव्याचं पिलू आणायला सांगतो. अब्राम जनावरं मधोमध चिरून समोरासमोर मांडतो. पाखरं तेवढी चिरत नाही. मग बराच वेळ काहीच होत नाही. हिंस्र पक्षी त्या मांसावर झडप घालतात आणि म्हातारा त्यांना हाकलत बसतो. सूर्य मावळू लागतो, अब्रामाला गाढ झोप लागते, भयाण काळोख दाटून येतो. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जात. शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात या रीतीचा उल्लेख सापडेल. आता इथे तुकड्यांमधून कोण जातं ते बघ. धुमसती भट्टी आणि जळती मशाल जाते. देव एकटा जातो. अब्राम बाजूला निजलेला आहे. करार मोडल्याचा शाप शेवटी कुणी अंगावर घेतला हे बघायला मग गुलगुथापर्यंत, म्हणजे येशूला जिथे क्रुसावर दिलं तिथपर्यंत, जावं लागतं. रिफॉर्म्ड लोक, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतले आपण प्रोटेस्टंट, उठता-बसता 'करार, करार' का करतात, असं तू मागे विचारलं होतंस. या एका रात्रीमुळे करतात, असं म्हटलं तरी चालेल.

तुझ्या हातात एक लहानसं पुस्तक द्यायचं आहे: हायडलबर्ग प्रश्नोत्तरी. जर्मनीतल्या पॅलाटिनेट प्रांताचा शासक (इलेक्टर) तिसरा फ्रेडरिक याने ती तयार करून घेतली आणि १५६३ साली ती छापली गेली. एकूण १२९ प्रश्न, ५२ रविवारांमध्ये वाटलेले. लेखनात मुख्य हात झकारियास उर्झिनसचा, आणि तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. (तरुणांना धर्मशास्त्र काय कळतंय, असं म्हणणाऱ्यांना हे ऐकवायला मला भारी आवडतं.) तिचे भाग तीन: माणसाची दुर्दशा, त्याची सुटका, आणि सुटकेबद्दलची कृतज्ञता. दहा आज्ञांचं सविस्तर विवेचन यातल्या कुठल्या भागात असेल? तिसऱ्या! नियमशास्त्र आपलं पाप दाखवतं, हे पहिल्या भागात थोडक्यात होऊन जातं. पण चोरी करू नको म्हणजे नेमकं काय, खोटी साक्ष कशाकशाला म्हणायचं, आईबापांचा मान कसा राखायचा, हे सगळं सुटका झाल्यावर येतं. सीनाय पर्वतावरही हाच क्रम होता. मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर काढलं, हे देव आधी सांगतो आणि मग आज्ञा देतो. तांबडा समुद्र केव्हाच मागे पडलेला असतो. तू मात्र आधी आज्ञा पुऱ्या करून मग समुद्र ओलांडायला निघालीस, म्हणून दमलीस.

साठावा प्रश्न पाठच कर. देवापुढे तू नीतिमान कशी ठरतेस, असा तो प्रश्न आहे. उत्तराचा आशय असा: माझा विवेक मला दोष देतो की मी देवाच्या सगळ्याच आज्ञांविरुद्ध घोर पाप केलं, त्यांतली एकही कधी पाळली नाही, आणि अजूनही माझा ओढा सर्व वाईटाकडेच आहे, तरीही देव माझी काहीही लायकी नसता, निव्वळ कृपेने, ख्रिस्ताचं पूर्ण प्रायश्चित्त, नीतिमत्त्व आणि पावित्र्य माझ्या नावे मांडतो, जणू मी कधी पाप केलंच नाही आणि ख्रिस्ताने माझ्यासाठी केलेलं सगळं आज्ञापालन मीच केलं. दोष देणारा विवेक या उत्तरात गप्प झालेला नाही. तो बोलतोच आहे, आणि त्याचं म्हणणं खोटंही नाही. तो बोलत असतानाच देवाचा निकाल लागलेला आहे. तू विवेक शांत होण्याची वाट पाहत बसतेस.

लगेच पुढचा प्रश्न तुझी दुसरी पळवाट बंद करतो. 'ठीक आहे, कर्मांनी नाही, पण निदान विश्वास तरी दमदार हवा ना?' नाही. माझ्या विश्वासाची थोरवी बघून देव मला पसंत करत नाही. विश्वास हा नुसता घेणारा हात आहे. मार्काच्या नवव्या अध्यायातला तो मुलाचा बाप आठव. विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात माझ्या अविश्वासाला मदत कर म्हणून ओरडतो. येशूने त्याला विश्वास वाढवून आण म्हणून परत पाठवलं नाही. मुलगा बरा झाला.

निवडीबद्दल आता थोडं. इंटरनेटवर निवड आणि कृपा यांबद्दलच्या रिफॉर्म्ड शिकवणीच्या 'पाच मुद्द्यां'वरून रात्रंदिवस वाद घालणारी मुलं तुला भेटली असणार. नव्याने रिफॉर्म्ड झालेल्यांना काही महिने कुलूप लावून ठेवावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. ते मुद्दे मुळात उत्तरं आहेत. १६१० साली हॉलंडमधल्या एका गटाने या शिकवणीवर पाच आक्षेप मांडले, आणि १६१८-१९ च्या, तिथल्याच डॉर्ट शहरातल्या धर्मसभेने त्यांना उत्तर दिलं. नवख्या माणसाला घरात घ्यायचा तो दरवाजा नव्हे. शिवाय त्याच डॉर्टच्या नियमांत लिहिलंय की निवडीची खात्री देवाच्या गुप्त गोष्टींत कुतूहलाने डोकावून मिळत नाही; ख्रिस्तावरचा खरा विश्वास, पापाबद्दलचं दुःख, नीतिमत्त्वाची भूक, ही फळं आपल्यात पाहून मिळते. तू तर पापासाठी रात्र रात्र जागतेस. मेलेल्या माणसाला दुखत नाही. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याने ख्रिस्तालाच निवडीचा आरसा म्हटलं: स्वतःची निवड पाहायची तर त्याच्यातच पाहायची, स्वतःत शोधायची नाही. इफिसकरांच्या पहिल्या अध्यायात पौल निवडीचा विषय काढतो तो देवाला धन्यवाद देताना. तो भाग धाक म्हणून वाचू नकोस. आणि खात्री यायला उशीर लागला म्हणून घाबरूही नकोस. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळेपर्यंत पुष्कळ झगडावं लागू शकतं, असं वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकथनाच्या (इंग्रजी रिफॉर्म्ड परंपरेतल्या शिकवणीच्या दस्तऐवजाच्या) अठराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे.

मग कसंही वागलं तरी चालेल का? हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता. उत्तर रोमकरांच्या सहाव्या अध्यायात आहे, त्यामुळे मी लांबण लावत नाही. एवढंच ध्यानात ठेव की नीतिमान ठरवणारा ख्रिस्त आणि पवित्र करणारा ख्रिस्त एकच आहे. त्याचे तुकडे करून एक घ्यायचा आणि दुसरा नको म्हणायचा, असं होत नाही. फक्त पवित्रीकरणाची, म्हणजे हळूहळू पवित्र होत जाण्याची, चाल फार सावकाश असते. अगदी पवित्रांतल्या पवित्रालाही या जन्मात आज्ञापालनाची जेमतेम सुरुवातच जमते, असं तीच प्रश्नोत्तरी म्हणते. पण सुरुवात मनापासूनची असते, आणि थोड्या आज्ञांपुरती नसून सगळ्यांनुसार जगण्याची असते. रोज वचन, रोज प्रार्थना, दर रविवारी मंडळी. यात नवं काही नाही, पण देव बहुतेक वेळा असल्याच साध्या साधनांनी काम करतो.

भावाचं बघ. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो, दान वेदीवर आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर, मग येऊन अर्पण कर. त्या 'मग ये'कडे तुझं दुर्लक्ष झालं. भांडण हे दूर राहायचं कारण नाही, उठून भावाकडे जायचं कारण आहे. आजच जा. चूक कुणाची किती याची वाटणी करत बसू नकोस. आपल्या वाट्याची क्षमा माग. देवाने तुला आधीच स्वीकारलेलं आहे, त्यामुळे वाद जिंकण्याची तुला गरज उरलेली नाही.

राहिलं प्रभुभोजन. अयोग्य प्रकारे खाण्याबद्दल पौलाने करिंथकरांना झापलंय, तेच वाक्य तुला टोचतंय हे मला ठाऊक आहे. पण तो अध्याय वरून वाच. तिथे काय चाललं होतं? सधन लोक आपापलं जेवण आधीच उरकत होते, कुणी उपाशी राहत होता, कुणी नशेत होता, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवलं जात होतं. पौल भडकलाय तो या बेफिकिरीवर. आपलं पाप पाहून रडणाऱ्या माणसाला तो हाकलत नाहीये. हायडलबर्गचा ८१ वा प्रश्नच आहे: प्रभूच्या मेजावर कुणी यावं? जे आपल्या पापांमुळे स्वतःवरच नाराज आहेत, तरी ख्रिस्ताच्या दुःखसहनाने आणि मरणाने त्यांची क्षमा झाली असून उरलेला दुबळेपणाही झाकला गेला आहे असा भरवसा धरतात, आणि विश्वास बळकट व्हावा, जीवन सुधारावं अशी इच्छा बाळगतात, त्यांनी. यातली कुठली अट तू पुरी करत नाहीस ते मला लिहून कळव. अडवलं जातं ते पापात मजेत राहून पश्चात्ताप नाकारणाऱ्याला. तू त्यात बसत नाहीस. पुढच्या वेळी भाकर समोर आली की घे.

बालबाप्तिस्म्याचा, म्हणजे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा का, हा तुझा प्रश्न राहिला. त्यासाठी उत्पत्तीचा सतरावा आणि कलस्सैकरांचा दुसरा अध्याय शेजारी-शेजारी ठेवून वाच, आणि तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं विरोधातलं असलं तरी नीट ऐकून घे, कारण तिचे मुद्दे पोकळ नाहीत. तो विषय पत्रात मावणार नाही, भेटलीस की बोलू.

तुझा,
मंडळीतला काका