गॅमा किरण जमिनीवर पोचतच नाही, मग दुर्बीण बघते काय?

प्रश्न (सातारा): लडाखला हानलेमध्ये आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मोठी गॅमा दुर्बीण बसवलीय असं वाचलं. पण गॅमा किरणं तर वातावरणातच अडतात ना? मग उपग्रहावर का नाही ठेवली?

उत्तर: अडतात, अगदी बरोबर. पण मेस नावाची ही दुर्बीण (उद्घाटन ऑक्टोबर २०२४) गॅमा किरण पकडतच नाही, तो हवेत फुटल्यावर जो उजेड पडतो तो पकडते. म्हणजे होतं काय, की गॅमा किरण वर हवेतल्या एखाद्या अणुकेंद्राजवळ आला की त्याचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन (पॉझिट्रॉन म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन) होतात, त्यांच्यापासून पुन्हा गॅमा, पुन्हा जोड्या, असा नुसता पाऊस, आणि हे कण हवेत प्रकाशाचा जो वेग असतो त्याच्याही पुढे पळतात म्हणून निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश निघतो. टिकतो फक्त काही नॅनोसेकंद, पण खाली साधारण अडीचशे मीटर रुंदीच्या पट्ट्यात पसरतो. त्या पट्ट्यात कुठेही दुर्बीण असली तरी तो किरण सापडला! उपग्रहावर एवढं क्षेत्रफळ कुठून आणणार, नासाच्या फर्मी या गॅमा उपग्रहाच्या मुख्य उपकरणाचं जेमतेम एक चौरस मीटर भरतं आणि अतिऊर्जेचे किरण तर मुळातच विरळ.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. प्रोटॉनसारख्या वैश्विक किरणांमुळेही असाच उजेड पडतो, आणि त्यांची संख्या कैकपटींनी जास्त. मेसचा आरसा २१ मीटरचा, कॅमेऱ्यात १०८८ फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद उजेडाचाही विजेचा संकेत करणाऱ्या नळ्या), त्यावर गॅमाचा ठसा बारीक लांबट उमटतो, प्रोटॉनचा पसरट आणि वेडावाकडा. या आकारावरूनच गाळणी लावतात. अमेरिकेतल्या व्हिपल दुर्बिणीने १९८९ मध्ये खेकडा तेजोमेघाचे (फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचे) गॅमा किरण असेच वेगळे काढले, माझ्या मते या विषयाला खरा पाया तिथे मिळाला. हानलेची उंची सुमारे ४३०० मीटर, त्यामुळे उजेड कमी विखुरतो आणि कमी ऊर्जेचे किरणही हाती लागतात.

प्रश्न: घरच्या टेलिस्कोपने हा उजेड दिसेल का?

उत्तर: नाही हो, डोळ्याला तो कळणारच नाही इतका झटपट असतो. पण खर्चाला घाबरू नका, १९५२ मध्ये इंग्लंडात गालब्रेथ आणि जेली यांनी कचऱ्याच्या डब्यात २५ सेंटीमीटरचा आरसा ठेवून वर फोटोमल्टिप्लायर लावला आणि हे झोत पहिल्यांदा टिपले. डबा घरात असेलच, फोटोमल्टिप्लायर आणि ऑसिलोस्कोप (विजेचा संकेत पडद्यावर दाखवणारं यंत्र) मात्र कुठल्यातरी कॉलेजच्या लॅबमधून मागून आणावा लागेल, आणि अमावस्येच्या आसपासची, ढग नसलेली रात्र बघा.