इंजिन बंद पडलं की विमान लगेच पडत नाही

मागच्या अंकात छोट्या विमानांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यात खरंच काळजी होती ती चार निवडली.

प्रश्न : सर, मुलगा बारावी सायन्स झाला आणि आता पायलटच व्हायचं म्हणतोय. त्याचे बाबा तयार आहेत, माझाच जीव होत नाही. दोन सीटचं विमान, एकच इंजिन, ते वर बंद पडलं तर पोरगं काय करणार?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, तुमची भीती खोटी नाही, पण एक चित्र आधी मनातून काढा. इंजिन बंद झालं की विमान दगडासारखं खाली येत नाही. संध्याकाळी रंकाळा तलावावर घार बघा, पंख न हलवता किती लांब जाते, विमानाचे पंख तेच काम करतात. सेस्ना १७२ सारखं एका इंजिनाचं छोटं विमान इंजिनशिवाय १ फूट खाली येताना साधारण ९ फूट पुढं जातं. म्हणजे जमिनीपासून ३ हजार फुटांवर असेल आणि वारा नसेल तर आठेक किलोमीटर. उजळाईवाडीच्या विमानतळावरून बिंदू चौक ओलांडून जाल एवढं. हातात असतात साधारण ४ मिनिटं.

यात एक गोम आहे आणि ती नव्या पोरांना आम्ही परत परत सांगतो. उंचीचं घड्याळ समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतं, आणि आपला विमानतळच मुळात २ हजार फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे काटा ३ हजारावर दिसला तरी पायाखाली फक्त हजार फूट असतात, मग ४ मिनिटं कुठली, दीड मिनिट पण नाही.

आता माझ्यावर आलेली वेळ सांगतो. शिकत होतो, पावसाळ्याचे दिवस, नुकतीच सर येऊन गेलेली, हवा दमट पण ऊन पडलेलं, बाहेर २५ डिग्री असेल. एकटाच होतो. इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, हळूहळू उतरायला लागले, मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, थोडा पुढं केला, परत उतरले, मग सगळं विमान थरथरायला लागलं. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळते तिथं, बर्फ धरला होता. उन्हात बर्फ कसा म्हणाल, तर पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं. इंजेक्शनआधी नर्स स्पिरिटचा कापूस फिरवते तेव्हा दंड गार पडतो ना, तसंच. आतलं तापमान ३० डिग्रीनं सुद्धा खाली जाऊ शकतं आणि दमट हवेतलं पाणी तिथंच गोठून हवेची वाट अडवतं. यावर उपाय म्हणजे कार्ब हीटची मूठ ओढायची, मग गरम हवा आत जाते. मी ओढली आणि इंजिन आणखीनच खोकायला लागलं! वितळलेलं पाणी इंजिनात जातं म्हणून तसं होतं, पण त्या क्षणी वाटतं की आपणच बिघडवलं, आणि हात आपोआप मूठ परत ढकलायला जातो. माझाही गेला होता. तेवढ्यात इन्स्ट्रक्टर काकांचं वाक्य आठवलं, "खोकू दे त्याला, मूठ सोडू नको." अर्ध्या मिनिटात इंजिन परत गोड चालायला लागलं. ती काळी मूठ आणि घामानं ओला झालेला तळवा अजून डोळ्यासमोर आहे.

तुमच्या मुलाला हे सगळं शिकवतात. इन्स्ट्रक्टर न सांगता मध्येच थ्रॉटल मागं ओढतो आणि म्हणतो, इंजिन गेलं, आता सांग. त्यात पहिली गोष्ट म्हणजे नाक खाली. घाबरलेला माणूस स्टिक स्वतःकडं ओढतो, विमान वर राहावं म्हणून, आणि नेमकं त्यानंच वेग मरतो आणि पंख हवा सोडतात, म्हणजे विमानाला तोलून धरत नाहीत. नाक खाली करून ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर, धरून ठेवायचे. मग उतरायला जागा बघायची. त्यानंतर इंधनाचा कॉक, मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण), कार्ब हीट, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) तपासून इंजिन परत लागतंय का बघायचं. रेडिओवर तीनदा मेडे ही संकटाची हाक आणि ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा संकटाचा आकडा हे त्याच्याही नंतर, कारण टॉवरवाला कितीही चांगला असला तरी तो खालून विमान उडवू शकत नाही.

जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला एक ट्रेनी मुलगी एकटी उडवत असताना विमान शेतात उतरलं, विमान मोडलं, पोरगी जिवंत बाहेर आली. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं. फ्लाइंग स्कूलला चौकशी करताना फी विचारालच, त्यासोबत हेही विचारा की इंजिन बंदची प्रॅक्टिस किती वेळा घेता. या प्रश्नावर जो टाळाटाळ करेल तिथं पाठवू नका.

प्रश्न : टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर रनवे मागंच असतो की, मग सरळ वळून का उतरत नाहीत?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कसबा बावडा

भावा, याच विचारानं लई चांगले पायलट गेलेत. ५०० फुटांवर असताना मागं वळायचं म्हणजे फक्त १८० डिग्री नाही, वळून तू रनवेच्या बाजूला येतोस, परत रेषेत यायला अजून वळावं लागतं, आणि प्रत्येक वळणात उंची जाते. घाईनं वळण घट्ट केलंस तर पंख ज्या वेगाला हवा सोडतात तो वेगच वाढतो, ४५ डिग्री कलल्यावर साधारण १९ टक्क्यांनी आणि ६० डिग्रीला ४१ टक्क्यांनी. म्हणून कमी उंचीवर समोर, डावी-उजवीकडं ३० डिग्रीत जे काही मोकळं दिसेल तिथंच उतरायचं. विमान मोडेल, मोडू दे, त्याचा विमा असतो.

प्रश्न : विमानालाच पॅराशूट लावता येत नाही का?
– आठवीतली वाचक, इचलकरंजी

लावतात की! सिरस नावाच्या कंपनीच्या छोट्या विमानांना अख्खं विमान तोलून धरणारं पॅराशूट असतं. वरची मूठ ओढली की छोटं रॉकेट ते बाहेर खेचतं आणि विमान दोऱ्यांना लटकत खाली येतं. २००२ मध्ये अमेरिकेत टेक्ससमध्ये एक पायलट असाच वाचला. पण ते उघडायला पुरेशी उंची लागते, आणि मूठ वेळेत ओढायचं मन व्हायला लागतं. बहुतेक ट्रेनिंगच्या विमानांत ते नसतंच.

प्रश्न : आमच्याकडं चारी बाजूला ऊस. विमान आमच्या रानात उतरलं तर ते वाचेल का, आणि आम्ही काय करायचं?
– शेतकरी, हातकणंगले तालुका

दादा, सगळ्यात आवडलेला प्रश्न हा. उभा ऊस वरून मऊ हिरव्या गादीसारखा दिसतो पण तो फसवा. पुढचं चाक त्यात अडकलं की विमान उलटं होतं. त्यापेक्षा ऊस तुटून गेलेलं रान किंवा सोयाबीन, भुईमुगाचं रान बरं. तिथं पण सरीच्या दिशेनंच उतरायचं, सरी आडवी आली की प्रत्येक वरंब्याला दणका. बांध आणि विजेची तार हे खरे वैरी. तार वरून दिसत नाही, खांब दिसतो, दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरायचं. आणि उतरायचं वाऱ्याच्या तोंडाला. वारा कुठला हे कळायला आपल्याकडं गुऱ्हाळासारखी सोय नाही, चुलवाणाचा धूर ज्या बाजूला लवतो तिकडून चुलवाणाकडं तोंड करून यायचं, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी होतो.

हा वेग कमी होणंच माणूस वाचवतं. ताशी ८० किलोमीटरनं येणारं विमान माणसाला सोसेल अशा बेतानं थांबायला ३ मीटर लागले, तर १६० नं येणाऱ्याला तेवढ्याच सोसण्यात १२ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की मार चौपट. पंख झाडाला घासून तुटले तरी चालतात, तेवढा मार ते खातात, फक्त माणसं बसलेला पिंजरा शाबूत राहिला पाहिजे आणि खांद्याचा पट्टा बांधलेला पाहिजे. टेकायच्या आधी पायलट इंधन आणि बॅटरी बंद करतो आणि दाराची कडी काढून ठेवतो, कारण सांगाडा वाकला की दार अडकतं.

आता तुमचं काम. ११२ ला फोन लावा, गट नंबर सांगत बसू नका, रस्ता, देऊळ, पाण्याची टाकी, मोठी खूण सांगा. पंखात पेट्रोल असतं, त्यामुळे जवळ बिडी-सिगारेट नाही, आणि पोरांना व्हिडिओसाठी जवळ जाऊ देऊ नका. पंखा फिरत नसला तरी त्याला हात लावू नका, तो अचानक फिरू शकतो. विमानाच्या अंगावर रॉकेटची खूण किंवा सावधानतेचा स्टिकर दिसला तर त्या बाजूला उभंच राहू नका, वर सांगितलं ते रॉकेट न उडालेलं असू शकतं. आग किंवा धूर असेल तर पट्टा सोडवून नाहीतर कापून माणसाला लगेच ओढा. आग नसेल तर मान-पाठ न हलवता तसंच बसू द्या, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. तुटलेले तुकडे उचलून घरी नेऊ नका, त्यावरूनच पुढं चौकशी होते.

आणि पायलट स्वतःच चालत बाहेर आला, मी ठीक आहे म्हणाला, तरी त्याला फिरू देऊ नका. त्या वेळी अंगात एवढा जोर आलेला असतो की मणका दबलेला असला तरी कळत नाही. बांधावर सावलीत आडवं करा, एकानं जवळ बसा. त्याचा मोबाईल बहुतेक आतच राहिलेला असतो. तुमच्या फोनवरून त्याच्या आईला फोन लावून द्या.