मामांची पेढ्याची वेबसाइट आणि लेकीचं करिअर

अंबाजोगाईहून एका शिक्षक वडिलांनी लिहिलंय: "मॅडम, मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमपीएससीचा अभ्यास कर म्हटलं, तर मला एसईओ, म्हणजे वेबसाइट गुगलच्या शोधात दिसावी, वर यावी यासाठीचं काम, करायचंय म्हणते. धाराशिव जिल्ह्यातल्या भूमकडं तिच्या मामांचा खवा-पेढ्याचा धंदा आहे. त्यांची वेबसाइट तिनंच बनवली, पण चार महिने झाले तरी ती गुगलवर दिसत नाही. आता पुण्यातल्या एका क्लासला पंचाहत्तर हजार भरा म्हणते. तीन महिन्यांचा कोर्स, नोकरीची शंभर टक्के हमी, आणि कुठलीही वेबसाइट पहिल्या नंबरवर आणायला शिकवतात म्हणे. माझा भाचा म्हणतो, एआयमुळं हे काम राहणारच नाही. हे खरंच करिअर आहे का? पैसे भरू का?"

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

पैसे भरू नका, निदान आत्ता तरी नको. पण लेकराला या कामापासून अडवूही नका. दोन्ही गोष्टी एकदमच का सांगते आहे, ते नीट लिहिते.

पत्रात तुम्ही वेबसाइटचा पत्ता दिला होता, म्हणून काल संध्याकाळी मी ती उघडून बसले. आधी गुगलमध्ये इंग्रजीत 'साइट' लिहिलं, पुढं अपूर्णविराम दिला आणि त्याला चिकटून तो पत्ता टाकला. असं केलं की त्या साइटची जी पानं गुगलच्या नोंदीत आहेत त्यांतली समोर येतात. एकही पान आलं नाही. म्हणजे साइट मागं पडलेली नाही, ती नोंदीतच नाही. मग पानाचा सोर्स कोड, म्हणजे पानामागची संगणकाची भाषा, उघडून बघितली. वरच्या भागात एक ओळ होती आणि तिच्यात 'नोइंडेक्स', म्हणजे 'नोंद घेऊ नका', हा शब्द. साइट ज्यात बनवली त्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जखाली 'रीडिंग' नावाचं पान असतं. सर्च इंजिनांनी या साइटची नोंद घेऊ नये, अशी विनंती करणारा एक छोटा चौकोन तिथं असतो. साइट अर्धवट असताना त्यावर टिक करून ठेवतात आणि काम झाल्यावर काढायची राहून जाते. चार महिने तुमच्या मेहुण्यांची साइट गुगलला स्वतःच 'येऊ नका' सांगत होती.

ती टिक काढायला दहा सेकंद पुरतात. कृपा करून यावरून मुलीला बोलू नका. मुरलेल्या लोकांकडूनही ही चूक होते, विशेषतः जुनी साइट नव्यानं बांधताना. उलट तिला एवढंच विचारा, "का दिसत नाही, हे शोधायला तू कुठून सुरुवात केलीस?" तिच्या उत्तरावरून तुम्हाला तिचा कल कळेल. कारण ज्याला एसईओ म्हणतात त्याचा मोठा हिस्सा हाच आहे. काहीतरी दिसत नाही, मग एकेक शक्यता तपासत मुळाशी जायचं. गणित शिकवताना मुलाची पायरी कुठं चुकली ते तुम्ही शोधता, तसंच.

तुमच्या भागात अडत बाजार सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून त्याच भाषेत सांगते. गुगलबॉट नावाचा प्रोग्राम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतो, खेडा खरेदीला निघालेल्या व्यापाऱ्यासारखा. पानात काय आहे ते वाचून त्याची नोंद करतो. पुढं कुणी काही शोधलं की नोंदीतल्या मालातला कुठला आधी मांडायचा, हे ठरतं. आवक, नोंद आणि मग भाव. माल नोंदीतच नसेल तर भावावर कितीही बोललं तरी काय उपयोग? क्लासच्या जाहिराती मात्र भावापासूनच सुरू होतात.

आता समजा टिक काढली आणि नोंद झाली. तरी पेढे विकले जातील का? मला वाटतं, इतक्यात नाही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'परंपरेचा गोडवा, विश्वासाचं नातं'. पानाचं शीर्षक आहे 'होम'. गावाचं नाव पार तळाला, तेही फोटोतल्या पाटीवर. परंपरेचा गोडवा असं गुगलमध्ये कोण लिहितं हो?

मामांचं गिऱ्हाईक कोण, ते बघू. कुंथलगिरीला कुलभूषण-देशभूषण या जैन मुनींच्या सिद्धक्षेत्राच्या दर्शनाला येणारे लोक वाटेत पेढा घेतात. ते गाडीत बसून 'कुंथलगिरी पेढा' शोधणार, आणि बहुतेक जण इंग्रजी अक्षरांत. पुण्यात राहणारी लातूरची सून 'खवा घरपोच' असं काही लिहील. हिंदी मुलखातला मिठाईवाला खव्याला मावा म्हणतो, हैदराबादचा कोवा म्हणतो. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण बाहेरगावचा माणूस आजही 'उस्मानाबाद' टाइप करतो आणि इथला 'धाराशिव'. गुगलला एका अर्थाचे बरेच शब्द आता जुळवता येतात, तरीही पानावर गाव, तालुका, जिल्ह्याचं नवं-जुनं नाव आणि मालाचं नाव सरळ वाक्यात आलेलं असावं लागतं. सरळ वाक्यात म्हणजे 'खवा मावा कोवा भूम धाराशिव' अशी माळ ओवून नव्हे. तसं शब्द कोंबणं गुगलच्या नियमात गैरप्रकार धरलं जातं, आणि माणसालाही ते वाचवत नाही.

गिऱ्हाइकाला काय पाहिजे, तेही त्या पानावर नाही. आजचा किलोचा भाव काय? खवा किती दिवस टिकतो? उन्हाळ्यात कुरिअरनं पाठवता का? लग्नासाठी वीस किलो हवा तर किती दिवस आधी सांगायचं? एक किलो खव्याला भट्टीवर किती लिटर दूध आटवावं लागतं, हे मामा झोपेतही सांगतील, पण साइटवर त्याचा एक शब्द नाही. पानाचा दर्जा कसा जोखायचा याची गुगलची स्वतःची मार्गदर्शिका आहे. तिच्यात डिसेंबर २०२२ पासून 'स्वतःचा अनुभव' हा मुद्दा मुद्दाम घातलाय. मामांचा अनुभव पुण्याच्या कुठल्याही कंपनीला विकत आणता येणार नाही. तुमची मुलगी भट्टीजवळ बसून तो लिहून घेऊ शकते. मराठी तिची, मामांची बोली तिची, संगणक तिचा. मी तिला या कामासाठी लायक समजते ते या तीन गोष्टी एका ठिकाणी आल्यात म्हणून.

फोटोंबद्दल थोडंसं. मोबाइलवर काढलेले फोटो तसेच चढवलेत, त्यामुळं माझ्या फोनवर पान उघडायला वेळ लागला. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा दंडक आहे. फोटो लहान करून टाकले की बराचसा प्रश्न सुटेल.

साइटपेक्षाही आधी एक काम करायला सांगा: गुगल बिझनेस प्रोफाइल. ती फुकट आहे. दुकान नकाशावर येतं, वेळ, फोन, फोटो दिसतात. जवळचं दुकान दाखवताना गुगल तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध किती, अंतर किती, आणि दुकानाचं नाव किती झालंय. गिऱ्हाइकांना परीक्षण लिहायची विनंती जरूर करावी, पण त्या बदल्यात पाव किलो पेढा देऊ नये. मोबदला देऊन परीक्षण घेणं नियमात बसत नाही.

आता क्लासकडं वळते. 'कुठलीही वेबसाइट पहिल्या नंबरवर' हे वाक्य जिथं लिहिलेलं असेल तिथून उठून यावं. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलनंच लिहून ठेवलंय. गुगलला जाहिरातीचे पैसे दिले तरी जाहिरातीखालच्या यादीतलं स्थान वर जात नाही. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात 'महिन्याला एक हजार बॅकलिंक', म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडं येणाऱ्या लिंक, शिकवू असंही आहे. त्यानं मला जास्त काळजी वाटली. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल काढलं तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती, की एका पानानं दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे एक शिफारस केली. मग लोकांनी शिफारशी विकत घ्यायला सुरुवात केली. २०१२ च्या एप्रिलमध्ये गुगलनं पेंग्विन नावाचा बदल आणला आणि विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइट खाली गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी पांडा नावाच्या बदलानं पोकळ मजकुराच्या साइट खाली आणल्या होत्या. त्याच पत्रकात 'मेटा कीवर्ड' वरही, म्हणजे पानाच्या सोर्स कोडमध्ये लपवून लिहायच्या शब्दांच्या यादीवरही, एक धडा आहे. गुगल क्रमांक ठरवताना ते बघत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय. इतक्या जुन्या अभ्यासक्रमाला पंचाहत्तर हजार? एका शिक्षकाचे कष्टाचे पैसे आहेत ते, म्हणून एवढं तावातावानं लिहिते आहे.

गेल्या उन्हाळ्यात असाच कोर्स करून आलेला परभणीकडचा एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. फाइलमध्ये चार प्रमाणपत्रं. कुठल्या साइटवर काम केलंस, विचारलं. म्हणाला, "क्लासच्या डेमो साइटवर." तिथं लोक काय शोधत यायचे? "तिथं कुणी यायचंच नाही, मॅडम." त्याचा काही दोष नव्हता, हुशार पोरगा होता. पण मुलाखतीत पुढचा माणूस हेच विचारतो, आणि त्याच्याकडं सांगायला काही नव्हतं. तुमच्या मुलीकडं आजच आहे.

भाच्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही काही प्रश्नांना गुगल एआयनं लिहिलेलं उत्तर सगळ्यात वर दाखवतं. 'खवा म्हणजे काय' असल्या प्रश्नासाठी आता कुणी साइटवर येईलच असं नाही. दिवसाला दहा लेख पाडून देणाऱ्यांची कामं तर जाताहेतच, आणि मार्च २०२४ मध्ये गुगलनं ढिगानं पानं पाडून क्रमांक मिळवणं सरळ गैरप्रकारांत घातलं. म्हणून 'कंटेंट रायटिंग' एवढंच शिकून ती थांबली तर भाचा बरोबर ठरेल. पण ज्याला पेढे मागवायचे आहेत त्याला भाव, पत्ता, फोन लागतोच. शिवाय ते एआयचं उत्तरही गुगलच्या नोंदीतल्या पानांचाच आधार घेतं. नोइंडेक्सवाली साइट तिथंही गैरहजरच.

माझा सल्ला असा. आधी पदवी चांगल्या मार्कांनी पूर्ण होऊ द्या, त्यात तडजोड नको. त्याच्या जोडीला तीन महिने फक्त मामांची साइट. गुगल सर्च कन्सोल हे साधन मोफत आहे, आजच जोडायला सांगा. कोणत्या शब्दांवर साइट दिसली, किती जणांनी उघडली, सरासरी कितव्या स्थानावर होती, हे त्यात कळतं. सोबत एक साधी दोनशे पानी वही ठेवावी: कोणत्या तारखेला काय बदललं, का बदललं, पुढं काय झालं. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. आणि धीर धरायला तुम्हीच शिकवा, कारण काही बदल गुगलला काही तासांत कळतात, काहींना महिने लागतात. वाचायला गुगलचीच एसईओची प्राथमिक मार्गदर्शिका पुरे, तीही फुकट. वेबपानं ज्यात लिहितात ती एचटीएमएल तिला येत असेल, एक्सेल पक्कं करावं. इंग्रजी बोलता नाही आलं तरी चालेल, वाचता मात्र सफाईनं यायला हवं, कारण या क्षेत्रातलं नवं ते आधी इंग्रजीत येतं.

हीच वही तिचा बायोडेटा. ती घेऊन छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यातल्या डिजिटल मार्केटिंगच्या कंपन्या, ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्या, मराठी बातम्यांच्या साइट, कुठंही तिला अर्ज करता येईल. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, पुण्यात भाडं आणि मेस जाऊन हातात फार उरत नाही, हे आधीच धरून चाला. घरी बसून हे काम करता येतं हे खरं, पण पहिली दोन वर्षं तिनं जाणत्या माणसांच्या शेजारी बसून काढावीत असं मला वाटतं. पुढं भूमच्या भट्ट्या, पैठणचे पैठणी विणणारे, जालन्याचे मोसंबीवाले बागायतदार, या सगळ्यांना अशा माणसाची गरज आहे. त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलणारी, खोटी हमी न देणारी माणसं आपल्याकडं फार थोडी आहेत.

एमपीएससीचं म्हणाल, तर तो तिचा निर्णय असू द्या. मन नसताना दिलेली परीक्षा वर्षं खाते, आणि ती वर्षं मी लातूरमध्ये रोज बघते.

तीन महिन्यांनी तिला घेऊन या. शनिवारी दुपारी दोननंतर मी ऑफिसात असते. लॅपटॉप आणि ती वही सोबत असू द्या, आणि सर्च कन्सोल ज्या गुगल खात्यावर आहे त्याचा पासवर्ड तिच्या लक्षात असू द्या.