अंगठीसाठी ‘ईएफ-व्हीव्हीएस’ हिरा घ्यावा की ‘जी-व्हीएस’?

अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा, सराफाचा आग्रह ईएफ-व्हीव्हीएसचा आणि जी-व्हीएस बराच स्वस्त, असा तुमचा प्रश्न आहे. हिरे तपासणं हे माझं रोजचं काम. माझं स्पष्ट मत: जी-व्हीएस घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या कटमध्ये घाला.

व्हीव्हीएस, व्हीएस ही क्लॅरिटीची, म्हणजे आतल्या डागांची प्रतवारी. ती दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरते. व्हीव्हीएसमधला डाग भिंगातूनही मुश्किलीने सापडतो, व्हीएसमधला भिंगातून दिसतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच स्वच्छ.

ई, एफ, जी ही अक्षरं रंगाची प्रत सांगतात; ती डीपासून झेडपर्यंत असते. डी म्हणजे रंगहीन, पुढे पिवळसर झाक वाढत जाते. आम्ही सुटा हिरा पालथा ठेवून नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून बघतो, कारण वरून पाहिलं तर चमकेत झाक लपते. पिवळ्या सोन्यात जी काय, एचसुद्धा पांढराच दिसतो.

आता कट, म्हणजे पैलूंची घडण. दुकानात याविषयी कोणी फारसं बोलत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हिऱ्याचं तेज यावरच अवलंबून असतं. पैलूंचे कोन चुकले, तळ फार खोल किंवा उथळ झाला, की आत शिरलेला प्रकाश वर न परतता खालून-बाजूने निसटतो. शिवाय खोल हिऱ्याचं वजन पोटात दडतं. नीट पैलू पाडलेला अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा साधारण 5.1 मिलिमीटर व्यासाचा असतो, 4.8 भरला तर न दिसणाऱ्या वजनाचे पैसे तुम्ही मोजताय. जीआयए ही हिऱ्यांची प्रत ठरवणारी अमेरिकी संस्था 2006 पासून गोल हिऱ्यांच्या कटला ‘एक्सलंट’ ते ‘पूअर’ असा शेरा देते. एक्सलंटच मागा.

वजनात थोडी बचत होते: 50 सेंटला, म्हणजे अर्ध्या कॅरेटला, भाव उडी घेतो, म्हणून 47-48 सेंटचाही पाहा.

आणि हो, ‘ईएफ’ असा जोडशेरा सहसा दागिन्यात बसवलेल्या हिऱ्यांच्या कार्डावर असतो, कारण कोंदणात रंग नेमका ठरवता येत नाही. सुट्या हिऱ्याच्या प्रयोगशाळेने दिलेल्या रिपोर्टवर एकच अक्षर असतं, तसा रिपोर्ट मागा. हिरा नैसर्गिक की लॅबमध्ये घडवलेला, हेही त्यावर लिहिलेलं असतं. रिपोर्टचा नंबर बहुधा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो. अंगठीत बसवण्याआधी तो भिंगातून दाखवायला सांगा.